खडू उचलण्याआधीचा पोरगा

(वस्तीतल्या पोरापोरींपुढं ‘माय लेफ्ट फूट’ हा सिनेमा दाखवल्यानंतर केलेलं भाषण)

सिनेमा संपला, दिवे लागले. निम्म्या लोकांचे डोळे ओले होते. चांगली गोष्ट आहे. अजून दगड झालो नाही आपण. पण डोळे नेमके कुठं भरले, ते सांगा. ते पोरगं डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून जमिनीवर ‘मदर’ लिहितं, तिथं पहिला हुंदका आला. बाप त्याला खांद्यावर टाकून गुत्त्यात नेतो, तिथं दुसरा. त्याआधी तेच पोरगं जिन्याखालच्या कोपऱ्यात पडून होतं. बघत होतं, ऐकत होतं, समजत होतं. तेव्हा हॉलमध्ये कुणी पाकीट फोडून चणे खात होतं, कुणी शेजारच्याशी बोलत होतं. मी दोष देत नाही. सिनेमाच तसा बांधलाय. रडायचं कुठं हे तोच सांगतो.

माझं आजचं बोलणं खडू उचलण्याआधीच्या पोराबद्दल आहे.

इंग्रजी ज्यांना नीट लागलं नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. सिनेमा १९८९ चा. दिग्दर्शक जिम शेरीडन, त्याचा हा पहिलाच सिनेमा. गोष्ट खऱ्या माणसाची. क्रिस्टी ब्राऊन १९३२ साली आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात जन्मला. बाप गवंडी. आईला २२ पोरं झाली, त्यातली १३ जगली. हा दहावा. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. म्हणजे काय? बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मल्यावर लगेच मेंदूच्या ज्या भागाला इजा होते तो भाग हातापायाची हालचाल सांभाळणारा असतो. मग स्नायू ऐकत नाहीत. हात एकीकडं जातो, मान दुसरीकडं. जीभही स्नायूच आहे, त्यामुळं बोलणं अडतं. अक्कल शाबूत असू शकते, पण ती बाहेर यायची वाट बंद. क्रिस्टीचं एकच अंग त्याचं ऐकत होतं. डावा पाय. त्या पायानं तो लिहायला शिकला, चित्रं काढायला लागला. १९५४ साली त्याचं आत्मकथन आलं, त्याचंही नाव हेच. १९७० साली ‘डाऊन ऑल द डेज’ ही कादंबरी आली. १९८१ साली तो वारला. त्याच्यावरचा सिनेमा पडद्यावर आला तेव्हा तो बघायला तो नव्हता.

आता घराकडं या. ते घर आपल्या ओळखीचं आहे. एका खाटेवर चार-चार पोरं झोपतात. बापाच्या हाताला काम असलं तर चूल, नसलं तर लापशी. आई कायम पोटुशी. बाप तापट, घरात त्याचाच आवाज. अशा घरात हातपाय न हलणारं पोरगं आलं. पहिल्याच दिवशी गुत्त्यातले दोस्त बापाला विचारतात, की याला संस्थेत टाकणार का? बाप उसळतो. माझं पोरगं संस्थेत जायच्या आधी तिरडीवर जाईल, अशा अर्थाचं बोलतो. छाती भरून येते ऐकून. पण पुढं तोच बाप वर्षानुवर्षं त्या पोराच्या डोळ्यात बघत नाही. संस्थेत टाकलं नाही, जिन्याखाली ठेवलं. अभिमान घराण्याचा होता, पोराचा नव्हता.

मग त्याला माणूस म्हणून कुणी वाढवलं? भावंडांनी आणि आईनं.

भावंडं बघा. त्यांनी लाकडाची एक ढकलगाडी केली. चाकं लावली, त्यात ह्याला घातलं आणि गल्लीभर पळवलं. फुटबॉल खेळताना ह्याला गोलात आडवा टाकतात. पोरगं डोक्यानं, अंगानं बॉल अडवतं. आंगठ्या-बिंगठ्या, बाटल्या फिरवायचे खेळ, पोरींचे मुके, सगळ्यात हा आहे. काय लागलं तर लागलं. कुणी म्हणत नाही, की ‘अरे त्याला जपा, तो वेगळा आहे.’ बापाचं काम सुटलं, घरात कोळसा नाही, थंडीनं पोरं काकडतायत, तेव्हा कोळशाची लॉरी लुटायच्या कारस्थानात हाही सामील. चोरीतसुद्धा वाटा! दोस्तहो, समाजात सामावून घेणं यावर परिसंवाद होतात, एसी हॉलमध्ये होतात, चहा-बिस्किटं होतात. डब्लिनच्या त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनी तो विषय एका ढकलगाडीत मिटवला होता. त्यांनी त्याची परीक्षा घेतली नाही. हुशार आहे की नाही विचारलं नाही. भाऊ आहे ना? मग चल.

आणि आई. भरल्या पोटी ती त्याला उचलून जिना चढते. पोर आता मोठं झालंय, वजन वाढलंय. ती कोसळते. घरात दुसरं कुणी नाही. हे पोरगं सरपटत दारापाशी येतं आणि डाव्या पायानं दार बडवत राहतं, शेजारी धावून येईपर्यंत. पोरानं आईचा जीव वाचवला. पण शेजारणी काय बोलतात? त्याच्याच देखत त्याला बिनडोक ठरवतात, त्याच्या ओझ्यानं बाई पडली म्हणतात. तो ऐकतोय. तोंड उघडून सांगू शकत नाही, की बायांनो, दार मीच वाजवलं.

हा प्रसंग खडूच्या आधीचा आहे. तो तेव्हाही पूर्ण माणूस होता. विचार करत होता, जीव लावत होता, धोका ओळखत होता. फक्त त्याच्याकडं पुरावा नव्हता.

मग खडू येतो. पोरगं घामाघूम होऊन एकेक अक्षर ओढतं. सगळं घर श्वास रोखून बघतं. आणि बाप म्हणतो काय, तर हा ब्राऊनच आहे! मग त्याला खांद्यावर टाकून गुत्त्यात नेतो आणि दोस्तांना ओरडून सांगतो, की हा माझा पोरगा, जीनियस आहे.

थांबा इथं. कालपर्यंत तो कोण होता? कालपर्यंत ब्राऊन नव्हता? बापाचं आडनाव त्याला जन्मानं मिळालं नाही, परीक्षा पास झाल्यावर मिळालं. आतल्या आत सिद्ध करून दाखव, मग तुला खांद्यावर घेतो.

ही भाषा आपल्या कानांना नवी आहे का? ‘तुमच्यातला हा मुलगा मात्र हुशार हं’ हे वाक्य या हॉलमधल्या कितीजणांनी ऐकलंय? हात वर करायची गरज नाही, चेहरे सांगतायत. आधी दार बंद करायचं, मग बंद दारातून जो कोण भिंत फोडून आला त्याचा सत्कार करायचा, आणि सत्कारात सांगायचं, की बघा, जिद्द असली की सगळं होतं. म्हणजे जे आले नाहीत त्यांच्यात जिद्दच नव्हती. किती सोयीचं आहे! भिंत कुणी बांधली, हे विचारायलाच नको. गुणवत्तेचा हा जो धंदा आहे ना, तो आपल्याशी जातीच्या नावानं होतो, त्या पोराशी शरीराच्या नावानं झाला. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याला पाय होते, चालत जाऊन शाळेच्या बाहेर तरी बसता आलं. पण दोन्हीकडं फूटपट्टी एकाच दुकानातली.

आता त्या आईविषयी. ब्रेंडा फ्रिकर या नटीनं ती केली, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. काम बघण्यासारखंच आहे. बाई भाषण देत नाही, देवापुढं ऊर बडवत नाही. चिमणीच्या आत एक डबा लपवते. घर लापशीवर चाललंय, पोरं थंडीत कुडकुडतायत, आणि ही पैसा-पैसा साठवतेय. कशासाठी? चाकाच्या खुर्चीसाठी. डबा उघडकीला येतो तेव्हा नवरा पेटतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचंही खोटं नाही. भुकेल्या घरात एका पोराच्या खुर्चीसाठी बाकीच्यांच्या तोंडचा घास काढायचा? हा प्रश्न सिनेमा सोडवत नाही, आपल्यापुढं टाकतो. मला विचाराल तर हा या सिनेमातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. कारण तो प्रश्न त्या बाईला पडायलाच नको होता. खुर्ची विरुद्ध जेवण अशी निवड कुठल्याही आईपुढं यायलाच नको. ती आली याचा अर्थ, आणखी कुणीतरी आपली जबाबदारी झटकून पसार झालंय.

कोण? आयर्लंड १९२२ साली इंग्रजांच्या जोखडातून सुटलं. आपलं राज्य आलं. पण गरिबाच्या आजारी पोराचं काय करायचं याचं उत्तर त्या राज्याकडं नव्हतं. ते त्यानं धर्मसंस्थेच्या हवाली केलं होतं. १९३५ साली तिथं कायदा झाला आणि संततिनियमनाची साधनं आणणं-विकणं बंद झालं. म्हणजे बाईनं पोरं किती काढायची हे सरकार आणि पाद्री ठरवणार, आणि काढलेली पोरं सांभाळायला मात्र ती एकटी. २२ बाळंतपणं, दोस्तहो! तिला ‘महान आई’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती महान होतीच. पण तिला महान व्हावं लागलं, ही त्या देशाची शरमेची गोष्ट आहे.

आणि त्या ‘संस्था’? २००९ साली तिथल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, रायन अहवाल म्हणतात त्याला. पाच खंड. धर्मगुरूंच्या संघटनांनी चालवलेल्या, सरकारनं पोसलेल्या शाळांतून आणि बालगृहांतून पोरांचे कसे हाल झाले, मारझोड, उपासमार, लैंगिक अत्याचार, सगळं त्यात नोंदलंय. अपंग पोरांच्या संस्थाही त्यातून सुटल्या नाहीत. म्हणजे पोराला संस्थेत टाकणार नाही म्हणणारं ते अडाणी घर देशातल्या शहाण्यांपेक्षा शहाणं होतं. पण पर्याय काय होता? एकीकडं तुरुंगासारखी संस्था, दुसरीकडं एक थकलेली बाई. मधे काहीच नाही. गरिबाला नेहमी अशाच दोन गोष्टींतून एक निवडायला सांगतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात.

पुढचा भाग मला फार आवडतो, तो विटांचा. क्रिस्टी मोठा झालाय, खचलाय, जगायचीच इच्छा उरली नाही. आई काय करते? त्याला स्वतंत्र खोली हवी म्हणून अंगणात स्वतःच विटा रचायला लागते. गवंड्याची बायको ती. नवरा बघतो, नाक मुरडतो, भिंत वाकडी म्हणतो, आणि मग स्वतःच थापी हातात घेतो. पोरं विरुद्ध बाप अशी शर्यत लागते. भिंत उभी राहते. आई क्रिस्टीला सांगते, की तुझ्यावर जीव आहे हे हा माणूस याच्यापुढं जाऊन कधी बोलणार नाही, एवढंच समज. ज्या बापाला मायेचे शब्द सापडत नाहीत, त्याची माया त्याच्या कसबातून येते. कामकरी माणसाचं प्रेम पडद्यावर इतकं खरं मी क्वचित बघितलंय. पोराला रडणारे नको होते, खोली हवी होती. चार भिंती, एक दार, जे आतून लावता येईल.

आता त्याच्या खचण्याचं कारण बघू. एक डॉक्टरीणबाई येते, त्याला बोलायला शिकवते. खऱ्या आयुष्यात हे काम रॉबर्ट कॉलिस नावाच्या डॉक्टरनं केलं. त्यानं डब्लिनमध्ये अशा पोरांसाठी दवाखाना काढला, क्रिस्टीला लिहायला मदत केली. सिनेमानं त्याची बाई केली. का केली ते लक्षात येतंच, क्रिस्टीला प्रेमात पडायचं होतं. पडला. भर हॉटेलात तिनं आपलं लग्न ठरल्याचं सांगितलं, तसा हा पेटला. दारू प्यायला, ओरडला, टेबलावर डोकं आपटलं, सगळ्या पाहुण्यांची जेवणं नासवली.

आपल्या इथल्या पांढरपेशा प्रेक्षकाला हा प्रसंग झेपत नाही. अपंग माणूस कसा असावा त्यांच्या मते? गोड, सोशिक, हसतमुख. सकाळी वर्तमानपत्राच्या पुरवणीत फोटो, खाली ‘प्रेरणादायी’. त्याला वासना नको, राग नको, दारू तर नकोच. क्रिस्टी सांगतो, की मला तुमचं शुद्ध सात्त्विक प्रेम नको, सगळं आयुष्य मी तेच खात आलोय. मला बाई हवी, शरीर हवं, माझ्या वाट्याचं. तो चिडका आहे, हट्टी आहे, शिवराळ आहे, मत्सरी आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा आहे. सिनेमाचा हा मोठेपणा मी मानतो. त्यानं त्याला देव केलं नाही.

आणि देवावरून आठवलं. आपल्या देशात याच पोराला आज काय म्हणतात? दिव्यांग. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून हा शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. दिव्य अंग! ज्या अंगाला पायरी चढता येत नाही ते दिव्य, आणि पायरी तशीच. आपल्याला ही ट्रिक पाठ आहे, राव. आपल्यालाही एकदा देवाची माणसं केलं होतं. हरिजन! पाणवठा तोच, वेस तीच, शिवताशिवत तीच, नाव मात्र देवाचं. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहातून बाहेर पडले होते. कारण त्यांना माहीत होतं, जिथं हक्क द्यायचा नसतो तिथं देव देतात. अनेक अपंग कार्यकर्त्यांनीही या दिव्यांग शब्दाला विरोध केला. नाव नको, उतार द्या म्हणाले. त्यांचं म्हणणं आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

एक गोष्ट मात्र या सिनेमाबद्दल खुपते, तीही बोललं पाहिजे. मोठ्या क्रिस्टीचं काम डॅनियल डे-लुईसनं केलंय. चांगला धडधाकट माणूस. चित्रीकरण चालू असताना तो खुर्चीतून उठत नसे, लोक त्याला उचलून न्यायचे, भरवायचे, असं सांगतात. १९९० साली त्याला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. कष्ट घेतले, मान्य. पण चित्रीकरण संपलं आणि तो उठून चालायला लागला. क्रिस्टी कधी उठला नाही. आपलं दुःख दुसऱ्यानं अंगावर घालायचं, त्यात वाहवा मिळवायची आणि खुंटीला टांगून घरी जायचं, याच्याशी आपलं भांडण जुनं आहे. आपल्या जगण्यावर ज्यांनी ते जगलं नाही त्यांनी लिहायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे आपण नाकारलं म्हणून तर आपलं साहित्य उभं राहिलं. मग अपंग माणसाला तो हक्क नको? ‘तसे नट मिळत नाहीत’ हे उत्तर चालणार नाही. मार्ली मॅटलिन या बहिऱ्या नटीला १९८७ सालीच ऑस्कर मिळालं होतं. शोधलं की मिळतात. शोधायचं नसलं की मिळत नाहीत. खाजगी कंपन्या आपल्याबद्दल हेच म्हणतात ना, की लायक उमेदवार मिळत नाहीत?

आता डब्लिन सोडतो आणि आपल्या गल्लीत येतो.

आमच्या गल्लीत एक पोरगी आहे, अकरा वर्षांची. तिलाही हाच आजार, पण जास्त. हातपाय ऐकत नाहीत आणि समजही कमी आहे, असं डॉक्टर म्हणतात. आई चार घरची भांडी करते, बाप नाक्यावर उभा राहतो, काम मिळालं तर जातो. सकाळी आठ ते दुपारी एक दाराला बाहेरून कडी. आईला दगड मारू नका. काम सोडलं तर चूल बंद. मी एकदा तिला विचारलं, बाई, हिला काय काय कळतं? ती म्हणाली, “भाऊ, लोकं म्हणत्यात काय बी कळत न्हाई. पन माझी चप्पल गल्लीत वाजली ना, की ही पाय आपटाया लागती. मला बाहेरूनच ऐकू येतं.”

पाय आपटते. क्रिस्टीनं दार बडवलं तसं.

पण दोस्तहो, ही पोरगी कधी खडू उचलणार नाही. ती ‘आई’ लिहिणार नाही. ती आत्मकथन लिहिणार नाही, तिच्यावर सिनेमा निघणार नाही, तिला कुणी गुत्त्यात नेऊन जीनियस म्हणणार नाही. मग तिचं काय? ती ब्राऊन नाही का? हा सिनेमा या प्रश्नापाशी गप्प होतो. त्याचा नायक परीक्षा पास झाला म्हणून सिनेमा झाला. जी पोरं कधीच पास होणार नाहीत त्यांची बाजू कुणी घ्यायची? मी सांगतो, ती आपणच घ्यायची. कारण माणूस जन्मला की त्याची किंमत पूर्ण, त्याला पुरावा लागत नाही, हे आपण नाही म्हणायचं तर कोण म्हणणार? आपली सगळी लढाईच त्या एका वाक्यावर उभी आहे. ते वाक्य जर फक्त हुशार पोरांपुरतं असेल, तर आपणही बापासारखेच. खांदा देणार, पण निकाल लागल्यावर.

कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण कागद आपल्या बाजूचा आहे. १९९५ साली पहिला कायदा झाला. २०१६ साली नवा झाला, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या पोराला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. पण या सगळ्याच्या दारात एक खिडकी आहे, दाखल्याची. आधी टक्के काढून आणा. इथंही पुरावा! आमच्या गल्लीतली ती बाई अकरा वर्षांची पोर पाठीवर घेऊन तीन वेळा दवाखान्यात गेली. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा मशीन बंद, एकदा आधार कार्डावरचं नाव जुळेना. तीन दिवसांची मजुरी बुडाली. पोर कशी आणली, हे कुणी विचारलं नाही. २०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली. कडीबंद दारामागची किती नोंदली गेली असतील, ते तुम्हीच बघा.

मुंबईत हे काम झालंच नाही असं नाही. १९७२ साली मिठू आलूर या बाईंनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा सुरू केली, आपल्या मुलीला कुठं शिकवायचं या प्रश्नातून. पुढं त्यांच्या संस्थेनं धारावीतही काम केलं. त्यांची मुलगी मालिनी चिब शिकली, एका बोटानं टाइप करून तिनं स्वतःचं पुस्तक लिहिलं. तिथंही एक आईच उभी राहिली बघा. पण तिला परदेशात जाऊन शिकता आलं, माणसं जोडता आली. तिनं वाट काढली, तिला सलाम. आमच्या गल्लीतल्या आईकडं तेवढं काही नाही. तिच्याकडं पाठ आहे आणि गल्ली आहे. मग गल्लीनं काहीतरी व्हायला नको?

मी मोठ्या क्रांतीचा कार्यक्रम सांगत नाही. चार कामं सांगतो, या आठवड्यापासूनची.

पहिलं, प्रत्येक गल्लीत घरोघर जायचं आणि अशी पोरं कुठं आहेत याची यादी करायची. लोक लपवतील. लाज असते, भीती असते, बहिणीचं लग्न अडेल ही धास्ती असते. चहा घ्यायचा, बसायचं, परत जायचं.

दुसरं, दाखल्याला त्या आईबरोबर दोघंजण जायचे. एकानं पोर उचलायचं, दुसऱ्यानं खिडकीवर बोलायचं. साहेब उद्या या म्हणाला, की लेखी द्या म्हणायचं. आपण मोर्च्यात घसा फोडतो, तो घसा तिथं वापरा.

तिसरं, समाजमंदिर दुपारपर्यंत रिकामंच असतं. रोज आळीपाळीनं दोन जणांनी तिथं बसायचं. ज्या आयांना कामावर जायचंय त्यांची पोरं तिथं आणायची. आपल्याला औषधपाणी येत नाही, पण ढकलगाडी ढकलता येते. गोलात आडवं टाकता येतं. गल्लीतल्या बारक्यांना सांगायचीही गरज नाही, पोरं तासाभरात खेळ काढतील.

चौथं, या हॉलला यायला अठरा पायऱ्या आहेत, मी मोजल्या. आज इथं दीडशे माणसं आहेत आणि चाकाच्या खुर्चीतलं एकही नाही. त्यांना सिनेमा आवडत नाही म्हणून आले नाहीत का? पुढची सभा तळमजल्यावर घ्या. जागा नसली तर मैदानात घ्या. गवंडीकाम करणारे आपल्यात वीस-पंचवीस जण तरी आहेत. एका रविवारी समाजमंदिराला उतार बांधून होईल. वाळू-सिमेंटची वर्गणी मी आजच सुरू करतो.

डोळे पुसलेत, आता थापी घ्या. सिनेमातल्या त्या बाईनं कुणाची वाट बघितली नव्हती. तिनं पहिली वीट ठेवली, मग नाक मुरडणारा नवरा आला, मग पोरं आली. पण तिच्या गल्लीतल्या बाकीच्यांनी काय केलं, ते सिनेमात दिसत नाही. ते आपण करून दाखवायचंय. नावं लिहून घ्यायला दाराशी वही ठेवली आहे. जाताना लिहून जा.